स्लॅब आधी, एसी नंतर: नागपुरातल्या एका जुन्या घराच्या कामाच्या नोंदी

१९ जानेवारी २०२५, रविवार

मामांच्या घराची पाहणी. १९८९ चं बांधकाम, तळमजला अधिक एक, नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आउटमधलं जुळं घर. उत्तरेकडचं अर्धं मामांचं, दक्षिणेकडचं शेजाऱ्यांचं. मधली भिंत सामाईक, दोन्हीकडे नकाशा तोच, फक्त उलटा. दर्शनी दार पूर्वेला, वरच्या दोन्ही बेडरूम मागे, म्हणजे पश्चिमेला. गच्ची साधारण ९०० चौरस फूट, त्यावर विटांच्या तुकड्यांचा जुना कोबा, काळपट सिमेंटचा.

मामांचा बेत ठरलेला आहे: वरच्या दोन्ही खोल्यांत दीड-दीड टनाचे एसी, त्यासाठी नवं वायरिंग, महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यायचा. मी म्हटलं, तेवढ्याच पैशात आधी गच्ची करू. मामा म्हणाले, "गच्ची गळत नाही, मग तिला काय करून राहिली तू?" मामी लगेच माझ्या बाजूने. मे महिन्यात रात्री अकरा वाजता वरची गादी हाताला गरम लागते, म्हणून गेली कित्येक वर्षं सगळे खालच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून झोपतात. अर्धं घर दोन महिने बंद.

तडजोड झाली. आधी मोजायचं, मग ठरवायचं. एसीचं बुकिंग मार्चपर्यंत थांबवलं.

२ फेब्रुवारी, रविवार

वीज कुठे जाते ते पाहिलं. मागच्या वर्षीची बिलं काढली: एप्रिल ४३० युनिट, मे ५४०, डिसेंबर १८०. फरक सगळा उन्हाळ्याचा, आणि त्यात एकही एसी नाही.

सहा छताचे पंखे, सगळे जुने, पूर्ण वेगाला प्रत्येकी ७५ वॅटच्या आसपास. दिवसाला सरासरी १४ तास धरले तर पंख्यांचेच सहा युनिट होतात. दोन कूलर, खिडकीत बसवलेले. फ्रिज २००४ चा. त्याला प्लगचा मीटर लावून ठेवला होता, रोजचे २.६ युनिट खातो. आताचा त्याच मापाचा चांगला फ्रिज पाऊण युनिटाच्या आत भागवतो. मामी म्हणाल्या, फ्रिजने वीस वर्षांत एकदाही त्रास दिला नाही. खरं आहे, तो त्रास बिलातून देतो.

बल्बकडे पाहायची गरज नव्हती, सगळीकडे एलईडी कधीच आलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

तापमानाचे सेन्सर लावले. एक उत्तरेच्या बाल्कनीत सावलीत, दोन वरच्या खोलीत: एक हवेचा, एक स्लॅबच्या खालच्या बाजूला चिकटवलेला. शेजारच्या काकांना विचारून त्यांच्याही वरच्या खोलीत तशीच जोडी बसवली. जुळं घर असल्याचा हा मोठा फायदा आहे. त्यांच्या गच्चीला कोणी हात लावणार नाही, त्यामुळे दोन्ही घरांतला फरक हाच आमचा निकाल. या वर्षीचं बिल आणि मागच्या वर्षीचं बिल अशी तुलना करून फारसं हाती लागत नाही. एखादा मे सौम्य जातो, एखादा २०१३ सारखा ४७.९ पर्यंत चढतो.

सगळे सेन्सर आधी दोन दिवस एकाच टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून ताडून घेतले. मागच्या मे महिन्याच्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि मग हवामान खात्याला सांगावं लागलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी यंत्राचं असं होतं, तर आमचे ऑनलाइन मागवलेले काय बापडे.

संध्याकाळी हिशेब मांडला. स्लॅब साडेचार इंची. काँक्रीट, खालचा गिलावा, वरचा चार इंची कोबा, दोन्ही बाजूंच्या हवेचा विरोध, सगळं धरून उष्णता झिरपण्याचा आकडा, म्हणजे यू-व्हॅल्यू, २.३ च्या आसपास येतो. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये इको निवास संहिता आणली, तिच्यात नव्या घरांच्या छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. आमचं छत तिच्या जवळपास दुप्पट. जुन्या घरांना ती संहिता लागू नाही, पण मापदंड म्हणून उपयोगी पडते.

मग मामांना कळेल असा आकडा काढला. मे महिन्यात दुपारी उन्हातला कोबा ६५ अंश धरला, खोली ३० ला ठेवायची म्हटली, तर ९०० चौरस फुटांतून सुमारे सात किलोवॅट उष्णता खाली उतरते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे दोन टन एसी नुसत्या छताशी भांडण्यात जाणार, माणसांच्या वाट्याला येणार उरलेला एक टन. हिशेब ढोबळ आहे. स्लॅब जाड असल्यामुळे उष्णता थेट उतरत नाही, पाच-सहा तास मागे रेंगाळते आणि रात्री खोलीत येते. पण उतरते तेवढीच. मामांनी कागद दोनदा पाहिला आणि खिशात ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पर्यायांची छाननी. घरात ज्याला-त्याला एक उपाय माहीत आहे, म्हणून सगळे लिहून ठेवते.

पीओपीचं फॉल्स सीलिंग: इंटिरियरवाल्याचा आग्रह. खाली पोकळी मिळते, थोडा फरक पडतोही. पण स्लॅब तसाच तापत राहतो, दिवसभराची उष्णता त्याच्या पोटात साठते आणि रात्रभर पोकळीतून खाली येत राहते. शिवाय पंखा सहा इंच खाली येतो. इन्सुलेशन स्लॅबच्या वर हवं. मग काँक्रीटचा जडपणा खोलीच्या कामी येतो: रात्रीच्या गार हवेने स्लॅब थंड करून ठेवला की दुसऱ्या दिवशी तो खोलीची उष्णता शोषतो. खालून इन्सुलेशन केलं की हा फायदा गेला.

टिनाचं शेड: गल्लीत दर तिसऱ्या घरावर आहे. उंच आणि चारी बाजूंनी मोकळं असेल तर उन्हापुरता उपाय चांगला आहे, उगीच नाव ठेवण्यात अर्थ नाही. पण टिन स्वतः तापून खाली धग सोडतं, परवानगीचा प्रश्न असतो, आणि मे महिन्यातल्या वादळात पत्रे कुणाच्या अंगणात जाऊन पडतील त्याचा नेम नाही.

चुना: सगळ्यात स्वस्त. आजी सांगतात, पूर्वी दर होळीला गच्चीवर चुना लावायचे. पांढरा पृष्ठभाग ऊन परत फेकतो, हे पूर्ण खरं आहे. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच काढलं. ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत किंवा घर भाड्याचं आहे, त्यांनी हेच करावं, मी बिनदिक्कत सांगेन. अडचण एवढीच की नागपूरच्या धुळीत तो वर्षभरात मळतो आणि पावसात धुऊन जातो.

आमच्याकडे कोबा ठोकून पाहिला तर जागोजागी पोकळ आवाज येतो. तो आज ना उद्या काढावाच लागणार. म्हणून मोठं काम एकदाच: जुना कोबा काढायचा, वॉटरप्रूफिंग, त्यावर ५० मिलिमीटर एक्सपीएस (म्हणजे इन्सुलेशनचे कडक फोमचे तक्ते), वर जाळीचा सिमेंट थर, शेवटी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक. यू-व्हॅल्यू ०.५ च्या आत येते. २५ मिलिमीटरनेही संहितेची मर्यादा पाळली जाते, पण मजुरी तीच लागते, मग जाडीत कंजूषी कशाला.

खर्चाचा अंदाज दोन एसी आणि वायरिंगच्या थोडा वर जातो. मामा तयार झाले. अट एक: गच्ची पावसाळ्याआधी पूर्ण झाली पाहिजे आणि गळता कामा नये.

२ मार्च, रविवार

स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन गेले. त्यांचा एकच प्रश्न: वजन किती वाढणार? उत्तर: वाढत नाही. जुना कोबा चौरस मीटरला दोनशे किलोच्या वर होता. नव्या थरांत उताराचं सिमेंट, जाळीचा थर आणि मोझॅक मिळून त्यापेक्षा कमीच भरतं. एक्सपीएसचं वजन नगण्य. कोबा न काढता वर थर चढवले असते तर मात्र त्यांनी सही दिली नसती, आणि जिन्याच्या खोलीचा उंबरठाही पाण्याच्या पातळीखाली गेला असता.

होळीआधी बाहेर ३६ अंश. रात्री नऊ वाजता स्लॅबची खालची बाजू आमच्याकडे आणि शेजाऱ्यांकडे जवळपास सारखी, फरक अर्ध्या अंशाच्या आत. तुलनेचा पाया पक्का.

९ मार्च, रविवार

कोबा फोडायचं काम सुरू आहे. मलबा अपेक्षेपेक्षा जास्त. मोठं ड्रिल मशीन वापरायला मनाई केली आहे, छिन्नी-हातोड्यानेच काढायचा, कारण खालच्या स्लॅबला तडे गेले तर मूळ दुखणं सोडून दुसरंच घ्यावं लागेल. मजूर कुरकुरले. पश्चिमेच्या कठड्यापाशी कोबा ओला निघाला. वरून कोरडा, आत पाणी. मामा स्वतः वर येऊन पाहून गेले. "गच्ची गळत नाही" हे वाक्य त्यानंतर ऐकलं नाही.

१२ मार्च, बुधवार

सोलरचे पाय आजच ठरवले. पॅनेल पुढे कधीतरी बसणार असतील तर त्यांचे काँक्रीटचे ओटे आत्ताच स्लॅबवर उभे करायचे आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवून घ्यायचं. नंतर येणारा माणूस ड्रिल घेऊन येतो आणि तयार गच्चीत बोल्ट ठोकतो, आणि पुढच्या पावसात घरमालक वॉटरप्रूफिंगवाल्याला शिव्या घालतो. आमच्या शहरात सोलर बसलेल्या किती गच्च्या अशा गळतात, कोणत्याही वॉटरप्रूफिंगवाल्याला विचारावं. दक्षिणेला तोंड करून दोन रांगा येतील अशा बेताने आठ ओटे.

१९ मार्च, बुधवार

काम बंद. सोमवारपासून शहराच्या काही भागांत संचारबंदी आहे, दोन मजूर त्याच भागातले. मिस्त्री एकटे येऊन उताराच्या थरावर पाणी मारून गेले.

२७ मार्च, गुरुवार

वॉटरप्रूफिंगचे दोन हात पूर्ण, कठड्याशी गोलाई करून फूटभर वर चढवलं. पन्हाळीची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भरून ठेवलं होतं. ४८ तास झाले, खाली कुठेही ओल नाही. ही चाचणी इन्सुलेशन घालायच्या आधीच करायची असते. एकदा वर थर चढले की गळती नेमकी कुठून आहे ते शोधता येत नाही.

दरम्यान एक्सपीएसचे तक्ते आले. हाताला हलके वाटले म्हणून मामींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. १.२५ मीटर बाय ६० सेंटिमीटर, ५० मिलिमीटर जाड. घनमीटरला ३२ किलोच्या घनतेचा तक्ता १.२ किलो भरायला हवा. हा भरला ९५० ग्रॅम, म्हणजे घनता २५ च्या आसपास. पुरवठादाराचं म्हणणं, "मॅडम, गच्चीला सगळे हेच घेतात." वरून चाळीस मिलिमीटर सिमेंट आणि माणसांची ये-जा असणार, तिथे दबणारा माल चालत नाही. सगळा माल परत पाठवला. चार दिवस गेले.

३ एप्रिल, गुरुवार

नवा माल आला, तोलून घेतला, बरोबर आहे. कडांना खाचा आहेत, एक तक्ता दुसऱ्यात बसतो आणि सांध्यातून उष्णता सरळ खाली जायला वाट मिळत नाही. सांध्यांवर टेप. मिस्त्रींनी पहिला तक्ता हातात घेऊन वाकवून पाहिला. "हे त थर्माकोलच हाये ना ताई. याच्यावर मानूस उभा राह्यला त दबून जाईन." त्यांनाच वर उभं केलं. मग त्यांच्या मदतनिसाला. दबलं नाही. मिस्त्रींचं समाधान झालं असं नाही, पण काम नीट करतात.

साधा थर्माकोल आणि हा माल यांच्यातला फरक मात्र मिस्त्रींसाठी नाही, घरमालकांसाठी लिहून ठेवते. थर्माकोलच्या दाण्यांमध्ये पाणी शिरतं, आणि भिजलेलं इन्सुलेशन काही कामाचं नाही. एक्सपीएस बंद पेशींचा असतो. आणि दोन्ही जळतात. वरून सिमेंट झाकलेल्या गच्चीवर चालतात, पण खोलीच्या आत छताला उघडे चिकटवायचे नाहीत, कोणी कितीही स्वस्तात करून देतो म्हटलं तरी.

दुपारी आभाळ भरून आलं. अवकाळी. निम्मे तक्ते पसरलेले, वर काही नाही. विटा, फळ्या, रेतीच्या गोण्या, जे मिळेल ते वर ठेवलं. पाऊस थोडाच आला, पण वाऱ्याने दोन तक्ते उचलून शेजाऱ्यांच्या आंब्यात नेऊन अडकवले.

१३ एप्रिल, रविवार

जाळीचा थर झाला. कोंबडीची जाळी मधोमध राहील अशी उचलून धरत सिमेंट ओतलं, आणि दर तीन मीटरवर सांधा ठेवला. या उन्हात सलग थर तडकतोच. चायना मोझॅकचे पांढरे तुकडे बसवणं चालू आहे. दोन बाया बसून नक्षी जुळवल्यासारखे तुकडे लावतात, त्यांचा हात पाहत राहावा असा आहे. क्युरिंगला गोणपाट पसरून दिवसातून चार वेळा पाणी. नळाचं पाणी एक दिवसाआड, म्हणून विहिरीवरून टँकर घ्यावा लागला. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता. उन्हाळ्यात गच्चीचं काम काढणाऱ्याने तो धरावा.

२० एप्रिल, रविवार

गच्ची पूर्ण. भर दुपारी चायना मोझॅकवर चप्पल काढून उभं राहता येतं, शेजारच्या कोब्यावर पाऊल टेकवत नाही. मामा आता येणाऱ्या-जाणाऱ्याला वर नेऊन दाखवतात.

पश्चिमेच्या भिंतीकडे वळलो. नऊ इंची विटांची भिंत, यू-व्हॅल्यू २ च्या आसपास, म्हणजे तीही तापतेच. तिला पूर्ण इन्सुलेशन करायचं तर बाहेरून दुसरी भिंत किंवा जाळी-गिलाव्याचा थर हवा. तेवढा खर्च झेपणार नाही, आणि गरजही नाही. खरं दुखणं खिडक्यांचं आहे. दोन मोठ्या, सरकत्या ॲल्युमिनियमच्या, साध्या एकेरी काचेच्या. वर दीड फुटाचा छज्जा. दक्षिणेला हा छज्जा कामाचा असतो, पश्चिमेला नसतो. चारनंतर सूर्य इतका खाली येतो की छज्ज्याच्या खालून थेट पलंगावर ऊन. मामींनी आतून जाड पडदे लावलेत. पण ऊन काचेतून आत आलं की आलं. पडदा तापतो आणि खोलीला तापवतो. अडवायचं ते काचेच्या बाहेर.

बाहेर लोखंडी चौकट, भिंतीपासून फूटभर पुढे, तिला बांबूच्या चिका. दोरीने वर-खाली होतात. मधल्या फटीतून वारा वर निघून जातो, त्यामुळे चिकाची धग काचेपर्यंत पोचत नाही. भिंतीला पांढरा चुन्याचा रंग. चौकटीवर मधुमालती चढवायचा मामींचा बेत आहे, तो मला मान्य आहे. दोन वर्षांनी चिकांची गरजही उरणार नाही.

पंखे बदलले. सहाही बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास. जुने रेग्युलेटर काढून टाकायला लावले. ते मध्ये ठेवले तर हे पंखे नीट चालत नाहीत, इलेक्ट्रिशियनला तीनदा सांगावं लागलं. हिशेबाने महिन्याला ११० युनिट वाचायला हवेत. सगळ्या कामात पैसे सगळ्यात लवकर परत करणारं काम हेच, आणि यासाठी इंजिनिअर लागत नाही. रिमोट मात्र आजी सापडू देत नाहीत, उशीखाली ठेवतात.

४ मे, रविवार

पहिले खरे आकडे. काल बाहेर ४२. रात्री दहा वाजता स्लॅबची खालची बाजू: आमची ३३.५, शेजाऱ्यांची ४०. खोलीतली हवा: आमची ३३, त्यांची ३६.५. दोन्ही खोल्या दिवसभर बंद, कूलर बंद.

साडेसहा अंशांचा फरक छतात, पण हवेत साडेतीनच. उरलेली उष्णता पश्चिमेच्या भिंतीतून येते, तिची आतली बाजू ३७ दाखवते. चिका नसत्या तर आणखी. हवेच्या आकड्यापेक्षा छताचा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. अंगाला जाणवतो तो हवेइतकाच आजूबाजूच्या तापलेल्या पृष्ठभागांचा उष्मा. म्हणून ३३ अंशांच्या खोलीत पंख्याखाली झोप लागते. मामा-मामी या आठवड्यापासून वर झोपतात.

रात्री खोली गार करण्यासाठी जिन्याच्या खोलीचं दार आता जाळीचं केलं आहे, वर एक मोठा एक्झॉस्ट पंखा. रात्री अकरा ते पहाटे सहा तो चालतो, घरभरची गरम हवा जिन्यातून वर ओढतो आणि खालच्या खिडक्यांतून बाहेरची गार हवा येते. सकाळी आठला सगळं बंद, चिका खाली. मामींना ही दिनचर्या जमली. मामा सकाळी हवा यावी म्हणून खिडक्या उघडतात आणि दहापर्यंत विसरतात.

२६ मे, सोमवार

आज नागपुरात शून्य सावली. बाराच्या सुमारास ढगांच्या फटीतून ऊन पडलं तेव्हा गच्चीवरच्या ओट्याची सावली बरोबर त्याच्या पायाशी होती. मामांना हे दाखवायचंच होतं. या दिवसांत सूर्य माथ्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीला जवळपास ऊन लागतच नाही, सगळा मारा आडव्या गच्चीवर. लोक दक्षिणेची खिडकी बुजवतात आणि गच्ची तशीच सोडतात.

यंदाचा मे विचित्र चालला आहे. अवकाळी पाऊस, ढग, नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू होऊनही तितका ताप नाही. मान्सून २४ तारखेला केरळात आला, २००९ नंतर एवढ्या लवकर पहिल्यांदाच. मे महिन्याचं बिल नक्कीच खूप कमी येईल आणि मामा सगळं श्रेय गच्चीला देतील. म्हणूनच शेजारचे सेन्सर.

१५ जून, रविवार

कूलरबद्दल सविस्तर, कारण यावर घरात वाद झाला.

एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या कोरड्या हवेत कूलरसारखं यंत्र नाही. ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २८-२९ अंशांची हवा फेकतो, दोनशे वॅटमध्ये. एसीला त्यासाठी कितीतरी पट वीज लागते. किंमत पाण्यात मोजावी लागते: दिवसभर चालला तर दीड-दोनशे लिटर. पण कूलर चालायचा तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमट हवा कोंडते. आणि तोच कूलर आता, हवेत ओल आल्यावर, नुसता चिकचिकाट करतो. ३३ अंश आणि ८० टक्के आर्द्रतेत तो तीन अंशसुद्धा उतरवू शकत नाही.

म्हणजे एकाच खोलीला दोन वेगळ्या गरजा आहेत. मे महिन्यात उघडी खोली, सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद खोली. कूलर बसवलेल्या खिडकीभोवती बोटभर फटी आहेत, पुठ्ठे आणि जुनी उशी कोंबलेली. त्या खोलीत एसी लावला तर तो गल्ली थंड करेल. सुतारांकडून कूलरच्या जागी बसणारी काढती झडप करून घेतली, कडांना रबराची पट्टी. पावसाळ्यात कूलर गच्चीवरच्या खोलीत, झडप जागेवर. साधं काम आहे, पण हे न करता नागपुरात एसी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

फ्रिजही बदलला. मामींनी जुना कामवाल्या मावशींना द्यायचं ठरवलं होतं. मी थांबवलं. त्यांच्या बिलात रोजचे अडीच युनिट टाकायचे, याला देणं म्हणत नाहीत. भंगारात दिला आणि आलेले पैसे मावशींना दिले.

१३ जुलै, रविवार

या आठवड्यात शहरात धो-धो पाऊस झाला, सखल भागांत पाणी शिरलं. गच्ची कोरडी. ओट्यांच्या बुडाशीही ओल नाही. एका पन्हाळीत आंब्याची पानं अडकून चार बोटं पाणी साचलं होतं, तिथे जाळीची टोपी बसवली.

२१ सप्टेंबर, रविवार

बिलं समोर घेऊन बसलो. एप्रिल ३१५, मे २६०, जून २७०, त्यानंतर दोनशेच्या आतबाहेर. मे महिन्याचा आकडा बाजूला ठेवला तरी मागच्या वर्षीपेक्षा दर महिन्याला शंभरच्या वर युनिट कमी आहेत, आणि त्यांतले बहुतेक पंखे आणि फ्रिजचे. गच्चीने वीज फारशी वाचवली नाही, कारण एसी नव्हतेच. गच्चीने वरचा मजला परत दिला, आणि दोन एसींची वीज कधी बिलात येऊच दिली नाही. मामांना मी हे असंच सांगितलं. महावितरणच्या दरांत तीनशे युनिटांच्या पुढचा टप्पा महाग आहे, त्यामुळे वाचलेले युनिट सगळ्यात महागडे होते, हेही खरं.

सोलर. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार अनुदान, तीन किलोवॅटला एकूण ७८ हजार. मामांना तीन किलोवॅट हवे आहेत, "अठरा हजार जास्त मिळून राहिले." पण तिसऱ्या किलोवॅटची किंमत अठरा हजारांपेक्षा बरीच जास्त आहे. एक किलोवॅट आपल्याकडे महिन्याला सरासरी १२० युनिट देतो, दोन किलोवॅटचे २४० होतात, आणि घराची आताची वर्षभराची सरासरी त्यात बसते. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांचा भाव किरकोळ मिळतो. जानेवारीतच सोलर लावला असता तर तीनचा लागला असता, कदाचित चारचा. दोनचा अर्ज भरला. ओटे आठच्या आठ तयार आहेत, पुढे वाढवायचं झालं तर जागा आहे.

एसीचंही ठरलं. एकच, मामा-मामींच्या खोलीत, एक टनाचा, पाच तारे असलेला इन्व्हर्टर. आजींच्या खोलीला नको, त्यांना पंखासुद्धा तीनवर चालतो. मंजूर भार वाढवायची गरज पडली नाही, फक्त त्या खोलीची एक वेगळी लाइन ओढायची आहे. ऑक्टोबरच्या उकाड्याआधी.

राहिलेली कामं: दिवाळीच्या आधी मोझॅक धुणं. शेजारच्या काकांचे सेन्सर काढून आणणं. ते म्हणाले, राहू द्या, पुढच्या उन्हाळ्यात त्यांना स्वतःच्या गच्चीचा हिशेब करायचा आहे, पण आधी नुसता चुना लावून पाहणार आहेत. उत्तम. म्हणजे पुढच्या मे महिन्यात एकाच नकाशाच्या दोन घरांवर चुना विरुद्ध इन्सुलेशन अशी तुलना मिळेल. सेन्सरचे सेल बदलून ठेवले.